पायाच्या नखांचा चिवट विकार

मनुष्य आपल्या शरीराच्या ज्या भागावर दिवसभर उभा राहतो, त्याच भागाकडे त्याचें सर्वांत कमी लक्ष असतें. डोळा लाल झाला तर घरांत धांवपळ होते, दाढ दुखली तर सारी रात्र जागून निघते. परंतु पायाच्या अंगठ्याचें नख पिवळें पडलें, जाड झालें, टोंकाशीं ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडूं लागला, तर वर्षानुवर्षें तिकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. चिखलांत काम करणाऱ्यांचीं नखें अशींच असावयाचीं, अशी समजूत करून घेऊन लोक स्वस्थ बसतात. पुढें नख इतकें जाड होतें कीं, वहाण घालतांना तें दुखूं लागतें किंवा त्याच्या कडेनें जखम होते. मग औषधांच्या दुकानांतून मलमाची एक नळी येते, ती पंधरा दिवस लावली जाते, गुण येत नाहीं, आणि ‘हा रोग कांहीं बरा होत नाहीं’ असा निकाल देऊन प्रकरण संपतें. हा निकाल खरा आहे काय, आणि खरा नसेल तर या विकारावर उपाय कोणते, ते किती काळ करावयाचे व त्यांपासून अपेक्षा किती ठेवावयाची, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

हा विचार भंडारा जिल्ह्याला विशेष उपयोगी पडण्यासारखा आहे. हा जिल्हा धानाचा व तलावांचा. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तरी उरलेल्या सात तालुक्यांत, म्हणजे भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर व पवनी येथें, पावसाळा लागला कीं माणसाचें पाऊल आणि चिखल यांची गांठ पडते ती सहजासहजीं सुटत नाहीं. धानाचे पऱ्हे तयार झाले कीं बांध्यांतून रोवणी सुरू होते. कमरेंत वांकलेल्या बायांच्या रांगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलपाण्यांत उभ्या असतात. जेथें पाण्याची सोय आहे तेथें पौष-माघांत उन्हाळी धानाची रोवणी पुन्हां होते. तलावांतून मासे धरणारे आणि शिंगाड्याचें पीक काढणारे ढिवर बांधव तर पाण्यालाच आपलें शेत मानतात. अशा लोकांना पाय कोरडे ठेवा, असा नुसता उपदेश करणें सोपें आहे. परंतु ज्याचें पोट पाण्यांत उभें राहिल्यानें भरतें, त्याला तो उपदेश अर्धाच उपयोगी पडतो. त्याला उपाय सांगावयाचा तर तो त्याच्या कामाच्या दिवसांशीं जुळवूनच सांगितला पाहिजे.

प्रथम नांवांचा घोळ काढून टाकावा हें बरें. रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, भिजून सुटते, चिरते आणि तिची आग होते. त्यांस चिखल्या म्हणतात. नखाच्या कडेला एकाएकीं सूज येऊन पू धरतो व ठणका लागतो, तें नखुरडें. या दोहोंहून निराळा असा तिसरा विकार म्हणजे नखाच्या खालीं बुरशी वाढून नखच बिघडणें. चिखल्या पावसाळ्याबरोबर येतात व बहुधा त्याच्याबरोबर जातात. नखुरडें कांहीं दिवसांत फुटतें किंवा बसतें. परंतु बुरशीनें धरलेलें नख भर उन्हाळ्यांतही तसेंच राहतें आणि वर्षागणिक थोडें थोडें अधिक बिघडत जातें. आपल्या प्राचीन वैद्यांचें नखांच्या विकारांकडे दुर्लक्ष नव्हतें. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांच्या प्रकरणांत ‘कुनख’ नांवाचा विकार सांगितला असून, आघातामुळें नख रूक्ष, काळें व खरखरीत होतें, असें त्याचें लक्षण दिलें आहे. बुरशीचें ज्ञान त्या काळीं कोणासच नव्हतें. तथापि ठेंच लागलेलें नख पुढें बिघडतें, हें निरीक्षण आजही खरें आहे. दुखावलेल्या व सुटलेल्या नखाखालींच बुरशीला वाट लवकर सांपडते.

ही बुरशी म्हणजे तरी काय? पावसाळ्यांत शिळ्या भाकरीवर जी बुरशी चढते, तिच्याच मोठ्या कुळांतील कांहीं जाती मनुष्याची कातडी, केस व नखें यांवर उपजीविका करतात. नख ज्या कठीण द्रव्याचें बनलेलें असतें त्याला केराटिन म्हणतात. गुरांचे खूर व शिंगांचें कवच त्याचेंच. तें पचविण्याची शक्ति या बुरशींच्या अंगीं असते. पायाच्या नखांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या जातीचें नांव ट्रायकोफायटन रुब्रम. आल्दो कास्तेल्लानी या इटालियन डॉक्टरानें तिचें वर्णन १९१० सालीं प्रसिद्ध केलें. बहुधा ही बुरशी प्रथम तळव्यावर किंवा बोटांच्या बेचक्यांत ठाण मांडते, तेथून नखाच्या टोंकाखालीं शिरते, आणि मग हळूहळू मुळाकडे सरकते. म्हणजे चिखल स्वतः फारसा अपराधी नव्हे. तो कातडी भिजवून, मऊ करून दार उघडून देतो, आणि चोर बहुधा आपल्याच तळपायावर किंवा आपल्याच घरांत असतो. एकदां बुरशी आंत शिरली कीं नखाची कठीण पाटी तिला छपरासारखी होते. अशा नखावर वरून साधें मलम चोळणें म्हणजे कौलांवर औषध शिंपडून वांशांतील वाळवी मारण्याचा प्रयत्न करणें होय. हा रोग चिवट कां, याचें पहिलें कारण हें.

दुसरें कारण नखाच्या वाढींत आहे. जें नख आपल्याला दिसतें तें निर्जीव असतें; सजीव भाग मुळाशीं, कातडीच्या आंत असतो, आणि तेथून नवें नख जुन्याला पुढें ढकलीत असतें. बिघडलेली पाटी कोणत्याही औषधानें पुन्हां चांगली होत नाहीं; ती पुढें सरून कापली जाईल तेव्हांच जाईल. हाताचें नख महिन्याला सुमारें ३ मिलिमीटर वाढतें. पायाच्या अंगठ्याचें नख त्याच्या निम्म्या वेगानें, म्हणजे सुमारें दीड मिलिमीटर वाढतें. वय वाढलें किंवा पायाचा रक्तपुरवठा मंदावला तर ही गति आणखी कमी होते. म्हणून अंगठ्याचें सबंध नख नवें होण्यास १२ ते १८ महिने लागतात. औषधाचें काम बुरशी मारण्याचें. नवें नख आणण्याचें काम शरीराचें. हीं दोन कामें निराळीं आहेत हें ज्याच्या ध्यानांत आलें, त्याची या रोगाशीं अर्धी लढाई जिंकल्यासारखी झाली.

आतां हा हिशेब शेताच्या पंचांगाशीं ताडून पाहावा. समजा, लाखांदूर किंवा पवनी तालुक्यांतील एखादी शेतमजूर स्त्री दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळ्या सुरू करते. तीन महिन्यांचा क्रम संक्रांतीच्या सुमारास पुरा होतो. त्या दिवशीं ती नखाकडे पाहते, तर मुळाशीं चार-पांच मिलिमीटर नख स्वच्छ झालेलें आणि पुढचें सारें पूर्वीसारखेंच पिवळें! औषध वायां गेलें, असा तिचा समज होतो. वास्तविक औषधानें आपलें काम केलेलें असण्याचा संभव असतो, आणि तें नखांत पुढेंही कांहीं महिने टिकून राहतें. मग रोवणीचा आषाढ येतो. तोंपर्यंत नऊ महिन्यांत सुमारें १३ मिलिमीटर नवें नख आलेलें असतें, टोंकाकडील जुना भाग अजून शिल्लक असतो, आणि पाय पुन्हां चिखलांत जातो. धानाचें पंचांग बारा महिन्यांचें आणि नखाचें पंचांग दीड वर्षाचें. एकाचा हंगाम दुसऱ्याच्या हंगामाआधीं येऊन ठेपतो. हा फरक ध्यानांत न घेतल्यामुळें बरें होत आलेलें नख हातचें जातें. म्हणून उपाय सुरू करतांनाच पुढच्या रोवणींत पायाची काळजी कशी घ्यावयाची, हें ठरवून ठेवलें पाहिजे.

उपायांची पहिली पायरी म्हणजे रोगाची खात्री. बिघडलेल्या प्रत्येक नखांत बुरशी असतेच असें नाहीं. अशा नखांपैकीं जवळ जवळ निम्म्यांत ती आढळते, बाकीच्यांचीं कारणें निराळीं असतात. वारंवार ठेंच लागणें, घट्ट जोडे, सोरायसिस, म्हातारपण यांनींही नख जाड व वेडेंवांकडें होतें. मेंदी व हळद यांच्या रंगानेंही नख पिवळें-तांबूस दिसूं शकतें. खात्री करण्याची रीत सोपी आहे. नखाचा तुकडा व त्याखालील भुगा घेऊन तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणांत विरघळवितात व सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतात. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. कोणत्या जातीची बुरशी हें जाणण्यासाठीं ती प्रयोगशाळेंत वाढवावी लागते, आणि त्यास तीन-चार आठवडे लागतात. तीन महिने गोळ्या घ्यावयाच्या आणि शेवटीं तो रोगच नव्हता असें ठरावयाचें, त्यापेक्षां ही तपासणी आधीं करून घेणें शहाणपणाचें.

या तपासणींत आणखी दोन गोष्टींचा विचार डॉक्टरांकडून अवश्य करून घ्यावा. एक मधुमेह. मधुमेह्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. जाड नख शेजारच्या बोटांत किंवा खालच्या मांसांत रुततें तरी त्याला कळत नाहीं, जखम चिघळते, आणि नखापासून सुरू झालेला विकार बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत जाऊं शकतो. अशा माणसानें हा विकार क्षुद्र मानूं नये. दुसरी गोष्ट कुष्ठरोग. पूर्व विदर्भांत या रोगाचे रुग्ण आजही आढळतात. पायाला बधिरपणा असेल, अंगावर न समजणारा फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, तर नखाची चिंता बाजूस ठेवून प्रथम त्याची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत कुष्ठरोगाचें औषध मोफत मिळतें आणि तो बरा होतो. याशिवाय एकाच नखावर काळा पट्टा उमटून तो रुंद होत असेल, तर तोही न दडवितां दाखवावा. क्वचित् प्रसंगीं तो कर्करोगाचा असतो.

आतां घरगुती उपायांकडे वळूं. पावसाळ्यांत तळव्यांना व बोटांना मेंदी लावण्याची रीत जुनी आहे. तिनें कातडीस थोडा आराम वाटतो. लिंबोणीचें तेल, हळद, सिरका यांचेही प्रयोग घरोघर होतात. यांतील कांहीं पदार्थांत बुरशीची वाढ रोखण्याचा गुण प्रयोगशाळेंत दिसतो, हें खरें. परंतु कांचेच्या बशींतील बुरशी निराळी आणि नखाच्या छपराखालची निराळी. यांनीं जुनाट नख बरें होतें, असें सिद्ध करणारा भक्कम पुरावा नाहीं. हे उपाय करून पाहण्यास फारशी हरकत नाहीं. मात्र त्यांपायीं वर्ष-दोन वर्षें घालवूं नयेत, आणि तपासणीला जातांना नखावर मेंदी किंवा रंग नसावा. रॉकेल, चुना, मोरचूद किंवा आम्ल यांसारखे पदार्थ मात्र कोणीही कधींही लावूं नयेत. त्यांनीं कातडी भाजते आणि बुरशी आपल्या जागीं सुखरूप राहते.

डॉक्टरी उपायांत पहिला प्रकार बाहेरून लावावयाच्या औषधांचा. अलीकडे नखावर रंगासारखा थर चढविणारीं औषधें निघालीं आहेत. सायक्लोपिरॉक्सचा लेप रोज लावावा लागतो व तो जवळ जवळ वर्षभर चालवावा लागतो. अमोरोल्फिनचा लेप आठवड्यांतून एक-दोनदां, सहा महिने ते वर्षभर. रोग एक-दोन नखांच्या टोंकापुरताच असेल, मुळापर्यंत गेला नसेल, किंवा रोग्याला पोटांतील औषधें चालत नसतील, तर हा मार्ग योग्य होय. त्याचा मोठा गुण हा कीं, शरीराच्या इतर भागांस त्यापासून धोका जवळ जवळ नाहीं. उणीव ही कीं, यश बेताचेंच. सायक्लोपिरॉक्सच्या मुख्य चांचण्यांत शंभर रोग्यांपैकीं दहांहूनही कमी रोग्यांचीं नखें पूर्णपणें स्वच्छ व बुरशीमुक्त झालीं. म्हणून लेप लावावयाचा तर नख कानसीनें घासून पातळ करून, नियमानें आणि न कंटाळतां लावावा. एरव्हीं तो पैसा पाण्यांत.

दुसरा प्रकार पोटांतून घ्यावयाच्या औषधांचा. याचा इतिहास मनोरंजक आहे. १९३९ सालीं ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक व सिमोनार या संशोधकांनीं पेनिसिलियमच्याच एका जातींतून ग्रिसिओफल्विन नांवाचें द्रव्य काढलें. एक बुरशी दुसऱ्या बुरशीचा पराभव करते, असा हा प्रकार. पुढें जवळ जवळ वीस वर्षें मनुष्याच्या औषधांत त्याचा उपयोग झाला नाहीं. १९५८ सालीं जेंटल्स यांनीं गिनीपिगांच्या गजकर्णावर तें पोटांतून देऊन यश मिळविलें, आणि मग तें मनुष्याला देऊं लागले. तत्पूर्वीं बिघडलेलें नख उपटून काढणें व वरून मलम लावणें यांवरच भिस्त होती. परंतु ग्रिसिओफल्विन पायाच्या नखांसाठीं वर्ष-दीड वर्ष घ्यावें लागे, आणि इतकें करूनही अपयश फार. आज पायाच्या नखांसाठीं तें क्वचितच देतात.

आजचें मुख्य औषध टर्बिनाफिन होय. अमेरिकेंत त्याच्या गोळ्यांना १९९६ सालीं मान्यता मिळाली. प्रौढ माणसाला रोज २५० मिलिग्रामची एक गोळी, हाताच्या नखांसाठीं ६ आठवडे आणि पायाच्या नखांसाठीं १२ आठवडे, असा त्याचा रूढ क्रम आहे. त्याच्या यशाचे आंकडे नीट समजून घेण्याजोगे आहेत. मान्यतेपूर्वींच्या चांचण्यांत, औषध सुरू केल्यापासून ४८ आठवड्यांनीं, शेंकडा ७० रोग्यांच्या नखांतून बुरशी नाहींशी झाली होती. परंतु बुरशी गेली आणि नखही पूर्ण स्वच्छ झालें, असे रोगी शेंकडा ३८ च होते. या दोन आंकड्यांमधील अंतराचें बरेंचसें कारण मघां सांगितलेली नखाची मंद वाढच होय. शिवाय फार दिवस बिघडलेलें नख बुरशी गेल्यावरही पूर्ववत् होईलच असें नाहीं. शंभरांपैकीं शंभरांस गुण येईल असें जो सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. आणि या रोगाला औषधच नाहीं असें जो सांगतो, त्याच्यावरही ठेवूं नये.

टर्बिनाफिन चालत नसेल किंवा बुरशी दुसऱ्या जातीची असेल, तर इट्राकोनाझोल देतात. तें रोज २०० मिलिग्राम १२ आठवडे, किंवा महिन्यांतून एकच आठवडा दिवसांतून दोनदां २०० मिलिग्राम, असें तीन महिने दिलें जातें. त्याच्या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावयाच्या असतात, आणि ज्याचें हृदय दुर्बळ झालें आहे त्याला तें या विकारासाठीं देत नाहींत. तिसरें औषध फ्लुकोनाझोल. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावें लागतें, पण सहा महिने ते वर्षभर, आणि त्याचा गुण पहिल्या दोहोंहून कमी. केटोकोनाझोलच्या गोळ्यांपासून यकृताला गंभीर इजा होते असें आढळल्यावर २०१३ सालीं युरोप व अमेरिका येथील औषध-नियामकांनीं त्यांविरुद्ध कडक पाऊल उचललें. नखांसाठीं त्या गोळ्या घेऊं नयेत.

हीं सारीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेण्याजोगीं नव्हेत. टर्बिनाफिन बहुतेकांना सोसतें. तथापि क्वचित् त्यानें यकृत बिघडतें, कोणाच्या तोंडाची चव कांहीं काळ जाते. म्हणून सुरू करण्यापूर्वीं यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. पूर्वीं कावीळ झाली असेल, मद्याची संवय असेल, रक्तदाब, हृदय, कोलेस्टेरॉल किंवा मनोविकार यांचीं औषधें चालू असतील, तर तें सारें डॉक्टरांना मोकळेपणानें सांगावें. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं हा उपचार पुढें ढकलावा. नखाचा रोग थांबूं शकतो, मूल थांबत नाहीं. औषध चालू असतां भूक मेली, ओकाऱ्या आल्या, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगावर पुरळ उठलें, तर त्याच दिवशीं गोळी बंद करून डॉक्टरांकडे जावें.

तिसरा प्रकार नखावरील प्रत्यक्ष कामाचा. जाड नख कापून व घासून पातळ केल्यास वेदना तत्काळ कमी होते आणि लेपाला आंत शिरण्यास वाट मिळते. शेंकडा ४० युरियाचें मलम लावून, झांकून ठेवून नख मऊ करतात व रोगट भाग काढतात. यांत टोंचाटोंची नाहीं. शस्त्रानें सबंध नख काढणें हा उपाय क्वचितच करावा, कारण बुरशी न मारतां नख काढलें तर नवें नख पुन्हां तिच्याच तावडींत सांपडतें. अलीकडे शहरांतून लेझरच्या किरणांनीं उपचार करण्याच्या जाहिराती दिसतात. त्यानें नख कांहीं काळ स्वच्छ दिसूं शकतें. परंतु रोग मुळासकट जातो, हें समाधानकारक रीतीनें सिद्ध झालेलें नाहीं आणि खर्च मात्र मोठा. धान विकून लेझरसाठीं नागपूर गांठण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत असावी. मुळापर्यंत पोंचलेल्या जुनाट रोगांत गोळ्या, लेप आणि नख घासणें हीं तिन्ही एकत्र केल्यानें कित्येकांस अधिक गुण येतो.

येथें एक धोक्याची सूचना देणें आवश्यक आहे. कातडीला खाज सुटली कीं दुकानदाराला विचारून जें मलम आणलें जातें, त्यांत पुष्कळदां बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही मिसळलेलें असतें. त्यानें खाज दोन दिवसांत थांबते, पण कातडीची प्रतिकारशक्ति दबते आणि बुरशी आंतल्या आंत पसरते. भारत सरकारनें २०१८ सालीं अशीं कांहीं स्टेरॉइड मलमें चिठ्ठीवांचून विकण्यावर निर्बंध घातले, तरी ती संवय सुटलेली नाहीं. अर्धवट औषधोपचाराचा आणखी एक परिणाम भीतिदायक आहे. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीची एक जात आपल्या देशांत पसरली असून, २०२० सालीं तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असें भारतावरून नांव मिळालें. ती मुख्यतः कातडीवर आढळते. परंतु औषध मध्येंच सोडण्याची किंमत काय, हें तिनें दाखवून दिलें आहे.

शेवटीं पुन्हां रोवणीकडे येऊं. बरें झालेलें नखही पुष्कळांच्या बाबतींत पुन्हां बिघडतें. म्हणून राखण महत्त्वाची. रोवणीहून परतल्यावर पाय स्वच्छ पाण्यानें धुवावे, आणि धुण्याहून महत्त्वाचें म्हणजे प्रत्येक बेचकें जुन्या कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावें. तें फडकें ज्याचें त्याचें निराळें असावें. चिखल्या दिसतांच डॉक्टरांनीं सांगितलेलें बुरशीचें मलम लावून त्या पुऱ्या बऱ्या कराव्या. चिखल्या बऱ्या करणें म्हणजे नखाचें दार लावून घेणें. रबरी बूट रोवणीच्या गाळांत रुततात, हें खरें. परंतु धुऱ्यावरचीं, गोठ्यांतलीं आणि पाणी देण्याचीं कामें तरी ते घालून करतां येतात. मात्र आंतून ओले झालेले बूट तसेच घालूं नयेत. ते उलटे करून उन्हांत वाळवावे. नखें सरळ व आंखूड कापावीं. नखें काढण्याची नराणी किंवा नेलकटर घरांत एकच असेल तर रोगट नखाला निराळा ठेवावा, न्हाव्याकडे जात असल्यास त्याची नराणी उकळून घेण्यास सांगावें. घरांत दुसऱ्या कोणाच्या पायाला हाच विकार असेल तर त्याचाही उपचार बरोबरच करावा. नाहीं तर एकाच्या पायाची बुरशी दुसऱ्याच्या पायीं फिरत राहते.

सवड असेल तर दीर्घ उपचाराचा प्रारंभ रोवणी आटोपल्यावर, पाय कोरडे राहूं लागतांच करावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यापूर्वीं जास्तींत जास्त नवें नख पदरांत पडतें. ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या नखाशीं जखम किंवा सूज आहे, त्यानें मात्र हंगामाची वाट पाहूं नये. प्रारंभाच्या दिवशीं निरोगी व रोगट भागांच्या सीमेवर कानसीनें एक बारीक रेघ ओढून ठेवावी आणि दर महिन्याला ती पाहावी. रेघ पुढें सरकत असेल आणि तिच्या मागें येणारें नख स्वच्छ असेल, तर औषध काम करीत आहे असें समजावें, मग पुढचा भाग कितीही कुरूप दिसो. रेघेच्या मागेंही पिवळेपणा उतरला, तर सल्ला पुन्हां घ्यावा. आणि एखाद्या वृद्धाला मधुमेह नाहीं, दुखत नाहीं, चालण्यास अडथळा नाहीं, केवळ नख विद्रूप आहे, तर डॉक्टरांशीं विचार करून कांहींच औषध न घेतां नुसतें नख पातळ व पाय स्वच्छ ठेवणें, हाही एक पूर्णपणें योग्य मार्ग आहे.

धान पेरल्यापासून कापणीपर्यंत चार-पांच महिने वाट पाहणें शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. लोंबी आली नाहीं म्हणून तो दुसऱ्याच महिन्यांत बांधी सोडून देत नाहीं. नख हें त्याहून संथ पीक आहे. त्याचा हंगाम दीड वर्षाचा, रोज दिसेल न दिसेल अशी त्याची वाढ, आणि मध्यें एक सबंध पावसाळा त्याला ओलांडावयाचा असतो. रोगाची खात्री, योग्य औषधाचा पुरा क्रम आणि पुढच्या रोवणींतील राखण, हीं तीन ज्यानें सांभाळलीं, त्याला गुण येण्याची आशा बाळगण्यास भरपूर जागा आहे.